जर्मनमा डॉक्टर

धुळ्याच्या देवपुरात झुलाल सरांचं घर विचारा. टपरीवाला आधी तुम्हाला खालपासून वरपर्यंत बघून घेईल आणि मग म्हणेल, "कोणते, जर्मनवाले का?" बाजूला तंबाखू मळत उभा असलेला हसेल. का हसलात म्हणून विचारलं तर सांगेल, "काही नाही, सहज." धुळ्यात सहज कुणी हसत नाही. हसण्यामागे गोष्ट असते आणि ती न ऐकता तसेच पुढे गेलात तर नुकसान तुमचंच.

झुलाल अभिमन पाटील हा माणूस जर्मनीला गेलेला नाही. त्या भाषेतलं अक्षर त्याला येत नाही. विमानात तो कधी बसला नाही. तरी हे नाव त्याला चिकटलं, त्याला कारणं तीन. एक दुधाचं भगोनं, दुसरा अहिराणी बोलीतला एक इवलासा प्रत्यय आणि तिसरं म्हणजे खुद्द झुलालचं गप्प बसणं. भगोन्याला आणि प्रत्ययाला काही बोलता येत नाही, म्हणून लोक झुलालला बोलतात.

गाव त्याचं सोनगीरच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत. वडील अभिमन, त्यांना सगळे आबा म्हणत. पोरगा फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाला, धुळ्याच्या कॉलेजात लेक्चरर म्हणून लागला, इथवर आबांना सगळं समजलं. पण लागल्या नोकरीवर तो मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत जाऊन पीएच.डी.ला नाव घालून आला, तेव्हा आबांनी त्याला ओट्यावर समोर बसवलं.

"नोकरी लागनी, पगार सुरू व्हयना. आते आखो काय शिकस?"

"आबा, मोटारगाडीले पत्रा ऱ्हास ना, त्यामा बारीक दाना ऱ्हातस. त्या कोन्या बाजूले तोंड करीसन बठेल शेतस, हाई देखानं शे."

"लोखंडना पत्रा?"

"नही. ॲल्युमिनियमना."

"हाई कसानं नाव?"

"जर्मन, आबा, जर्मन! आपलं दूधनं भगोनं शे ना, ते."

"मंग तशे सांग ना!" आबा म्हणाले आणि त्यांचं समाधान झालं. खानदेशात तेव्हा ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम म्हणणारा माणूस एक तर भांड्याच्या कारखान्यात असे, नाही तर वर्गात फळ्यापुढे. बाकी सगळ्यांचं ते जर्मन. जर्मनचं भगोनं, जर्मनची ताटली, जर्मनचा डबा.

आता झुलाल नेमकं काय करत होता, तेही ऐकून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पत्रा वरून कितीही गुळगुळीत दिसला तरी आत तो दाण्यांचाच असतो. साध्या डोळ्यांना न दिसणारे दाणे. रुळांखालून पत्रा लाटत नेला की हे दाणे हळूहळू एका बाजूला कलतात, गाडीत कडबा भरताना पेंढ्या एका तोंडानं लावाव्यात तसे. मग त्या पत्र्याची वाटी दाबून काढली की काठ सरळ येत नाही. चार ठिकाणी वर उठतो. भांडेवाले म्हणतात, वाटीला कान आले. वाटीचे कान कापून टाकता येतात. पण मोटारीचं दार दाबताना कोपऱ्यात पत्राच फाटला तर काय कापणार? पुण्याकडच्या एका मोटारवाल्या कंपनीला लोखंडाऐवजी हा हलका पत्रा वापरून बघायचा होता, म्हणून तिनं मुंबईच्या गाईडसाहेबांना विचारलं आणि गाईडसाहेबांनी ते काम झुलालच्या गळ्यात घातलं. झुलालला ते इतकं आवडलं की घरी कुणी मुलीचा फोटो घेऊन आलं, तर हा पाहुण्यांना वाटीचे कान दाखवायला बसे. लग्न लांबलं ते काय उगीच नाही.

तर एका उन्हाळ्यात आबा एका लग्नाला बोदवडला गेले. पंगत उठली होती, मंडपात म्हाताऱ्यांची बैठक जमली होती. त्यात तोताराम नाना होते. कापसाचे दलाल, बोदवडलाच स्टेशनरोडला घर, लग्नाची मुलगी आणि आवाज असा की दुसरे जे कानात सांगतात ते नाना फलाटावरून पुकारल्यासारखं सांगत.

"अभिमनआबा, मुलगा काय करतो तुमचा?"

"धुळाले प्रोफेसर शे," आबा म्हणाले. "आते जर्मनमा डॉक्टर व्हई ऱ्हायना."

अहिराणीतला 'मा' म्हणजे आपला 'मध्ये'. आबांच्या तोंडी पोरगा गणितमा पास होई, इंग्रजीमा काठावर येई, तसाच तो जर्मनमा डॉक्टर होत होता. आबा खोटं बोलले नाहीत. पण बैठकीतले सगळे आबांकडे वळले. बोदवडसारख्या ठिकाणी तोवर कुणाचा मुलगा फार तर मस्कतला गेला होता.

तिथंच आबांची चुलतबहीण ताईबाई सुपारी कातरत बसली होती. तिला दिलेली बोदवडलाच. ताईबाईच्या कानात गेलेली गोष्ट बाहेर येते तेव्हा अंगानं भरलेली असते. ती म्हणाली, "नाना, तिथं म्हणे बर्फ पडतो! पण आमचा झुलाल बघा, कुणाला एका शब्दानं सांगत नाही. साधा पोरगा." ताईबाईला खरं माहीत होतं की नव्हतं, यावर बोदवडात आजही दोन पक्ष आहेत. तिच्यासमोर मात्र दोन्ही पक्ष गप्प असतात.

झुलाल आणि आबा मुलगी पाहायला गेले तेव्हा नानांच्या घरात बसायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, दलाल, मापारी, सगळे हजर. नानांनी झुलालला आपल्याजवळ बसवून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "थंडीचं काय करता हो तिकडे?"

झुलालला आधी कळेना. मुंबईच्या संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक ठेवलेली खोली असते, तिथं मशीन तापू नये म्हणून एसी चोवीस तास चालू. भर मे महिन्यात तिथं बसणाऱ्याचे दात वाजतात. तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, "स्वेटर घालावा लागतो. गार असतं फार."

"पाहा!" नाना सगळ्यांकडे बघून म्हणाले. मागून कुणी तरी म्हणालं, "आणि ते जर्मन लोक बोलतात कशात?" तेव्हा कुठे झुलालच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं आबांकडे पाहिलं. आबांना तिथलं काही उमजतच नव्हतं, ते आनंदानं लाडू खात होते. त्यानं दाराकडे पाहिलं. तिथं नानांची प्रमिला उभी होती. सावळी, उंच, हसू आलं की ओठ आत दुमडून घेणारी. ती त्याच्याकडेच बघत होती आणि नुसती बघत नव्हती, कौतुकानं बघत होती. झुलालकडे तोवर तसं कुणी पाहिलं नव्हतं.

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगू, नंतर सांगू, असं म्हणाला मनात.

बास. इतकंच केलं त्यानं. लोक पुढे त्याला लबाड म्हणाले, तेवढा काही तो लबाड नव्हता. लबाड माणसानं बर्फाचं वर्णन केलं असतं. हा फक्त गप्प बसला.

लग्नात नानांनी जावयाला लोकरी कोट केला. अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना, धुळ्याची वरात आणि नवरदेव लोकरीच्या कोटात. घोड्यावरून उतरेपर्यंत झुलालचं वजन कमी झालं म्हणतात.

लग्नानंतर आठवडाभरात प्रमिलानं विचारलं, "मग आपलं जायचं कधी?"

"कुठं?"

"कुठं काय, जर्मनीला."

झुलाल उठला. टेबलाच्या खणातून त्यानं ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चकती काढून तिच्या हातावर ठेवली आणि भगोन्यापासून सगळं सांगितलं. आबांचं, ताईबाईचं, स्वेटरचं. प्रमिला चकती उलटसुलट करून बघत राहिली. रडली नाही. तशी ती रडणाऱ्यातली नव्हतीच, बोलणाऱ्यातली होती.

"मी नकाशात बघून ठेवलं होतं," ती म्हणाली. "दोन जर्मनी दिसल्या. त्यातली आपली कुठली, तेवढं विचारायचं राहिलं होतं. ही तिसरी आहे ते काही माहीत नव्हतं."

झुलाल हसला. हसायला नको होतं.

"हसू नका. नानांनी बोदवडच्या स्टेशनमास्तरपर्यंत सगळ्यांना सांगितलंय. ते काय तोंड दाखवतील? आता तुम्हाला खरंच जावं लागेल. काहीही करा, पण जा."

आणि त्या दिवसापासून त्या खोट्याची राखण प्रमिला करू लागली, झुलालपेक्षाही जास्त. माहेरी गेली की बायका विचारत, "तुम्ही दोघं कधी जाणार गं?" ही सांगे, "कागदपत्रं चालू आहेत." पुढच्या दिवाळीला, "तिकडं सुट्टी असते या दिवसांत." बर्लिनची भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाल्या, तेव्हा नानांनी मुद्दाम धुळ्याला माणूस पाठवून निरोप दिला की आता जावईबापूंना सोपं जाईल. झुलालनं पासपोर्ट काढला. प्रमिलानं तो माहेरी नेऊन सगळ्यांना दाखवला. घरी आली की मात्र विचारी, "झाला का हो तुमच्या दाण्यांचा अभ्यास?" आणि 'दाण्यांचा' हा शब्द असा उच्चारी की झुलालच्या हातातला घास हातातच राही.

जायचा रस्ताही होता, नव्हता असं नाही. अशा पत्र्यांवर काम करणाऱ्यांची परिषद तिकडे जर्मनीत भरायची होती. गाईडसाहेब म्हणत, "पाटील, काही नवीन निघालं तर तुम्हाला घेऊन जाईन. जुनंच असेल तर मी एकटा जाईन." नवीन काही निघणं, एवढ्यावर झुलालचा संसार अडकून राहिला.

ब्याण्णव साली मुंबईच्या मशीनला दाणे कसे बसलेत ते दाखवणारी नवीन जोड आली आणि झुलालला दिवाळीच्या सुट्टीत तिच्यावर बसायची पाळी मिळाली. कंपनीनं पाठवलेला मोठा पत्रा त्यानं मच्छीबाजाराकडे कादरभाईच्या दुकानात नेला. कादर पत्र्याचं काम करी. पेट्या, कोठ्या, कूलरचे तळ. हात एकदम साफ. त्याच्याकडून झुलालला नखाएवढे तुकडे हवे होते. पण नुसते तुकडे चालत नाहीत. पत्रा रुळातून कोणत्या दिशेनं निघाला, ते प्रत्येक तुकड्यावर लिहिलेलं हवं, नाही तर आतले दाणे कुठं तोंड करून बसलेत ते कशाच्या हिशेबानं सांगणार? लाटलेल्या पत्र्यावर बारीक समांतर ओरखडे असतात, त्यावरून ती दिशा कळते. त्यांना पत्र्याचे कारागीर 'धार' म्हणतात. झुलाल घाईत होता, कॉलेजात परीक्षा चालू. तो म्हणाला, "कादरभाई, प्रत्येक तुकड्यावर धार पाहून एक रेघ मारून ठेवा. खोल मारा, पुसली नाही पाहिजे."

"धार देखके रेघ. मारतो ना सर. काळजीच नको."

कादरनं तुकडे दिले ते वर दोन्ही अंगांनी काचकागदानं घासून, लख्ख करून. सर मुंबईला नेणार, म्हणून त्याच्याकडून तेवढं फुकट. ओरखडे गेले, खोल रेघ राहिली. झुलालनं एकेक तुकडा हातानं आरशासारखा होईपर्यंत घोटला आणि डब्यात कापूस घालून मुंबईला नेला.

मशीनमध्ये असं होतं. तुकडा तिरका उभा करायचा, हवा काढून घ्यायची आणि एका दाण्यावर इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडायचा. मग हिरवट पडद्यावर पट्टे उमटतात, एकमेकांना छेदणारे, चौफुलीवर रस्ते मिळावेत तसे. त्या पट्ट्यांवरून दाणा कसा बसलाय ते काढायचं. मग पुढचा दाणा. मग त्याच्या पुढचा. झुलाल स्वेटर घालून बसला. आयुष्यात इतका सुखी तो कधी झाला नसेल. पट्टे उमटले की त्याला वाटे, दाणा आपल्याशी बोलतोय आणि बायकोसारखा टोमणा मारत नाहीये.

आणि नवीन निघालं! जगभरच्या पुस्तकांत हे दाणे जिकडे तोंड करून बसतात म्हणून छापलंय, त्याच्या बरोबर आडवे दाणे झुलालच्या पत्र्यात बसले होते. गाईडसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पाटील," ते म्हणाले, "तुमचा पासपोर्ट आहे ना?" निबंध लिहिला गेला, जर्मनीला गेला, तिकडून होकार आला. कंपनीला कळवलं गेलं की पत्रा आता दाबयंत्रात फिरवून घाला.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात बोदवडला काय आनंद झाला म्हणता! नानांनी स्टेशनरोडला मांडव घालून जावयाचा सत्कार केला. ताईबाईनं ओवाळलं. एका पुढाऱ्यानं जर्मनीवर भाषण केलं, त्यात बर्फ दोनदा आला. प्रमिला पुढच्या रांगेत बसली होती. पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं ओठ आत न दुमडता, उघड हसून नवऱ्याकडे पाहिलं. परत येताना एसटीत ती म्हणाली, "मी बोलले तुम्हाला पुष्कळ. विसरा." झुलालला एवढं बरं वाटलं की तो धुळे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

त्याच आठवड्यात घरच्या कूलरचा तळ गळायला लागला. झुलाल तो घेऊन कादरकडे गेला.

"या सर! जर्मनी का टिकट निकला क्या?"

"निघालं, कादरभाई."

"मुबारक हो. एक बात पुछू? रागावू नका. ते बारके तुकडे माझ्याकडून नेले, त्यांना दुमडून काय केलं हो तुम्ही?"

"दुमडून?"

"मग? रेघ मारून घेतली ना! मी तेव्हाच आमच्या हाशमला बोललो, एवढ्याशा तुकड्याला दुमडून सर काय चुन्याची डबी करणार का?" आत बसलेला हाशम खो खो हसला.

झुलालनं कूलरचा तळ खाली ठेवला. "रेघ धार पाहूनच मारली होती ना?"

"धार देखकेच मारी. आडवी. धारेबरोबर दुमडला तर पत्रा तडकतो सर, हे काय सांगायचं? आमच्यात रेघ म्हणजे दुमड. बापाच्या टायमापासून."

कोपऱ्यात भिंतीला त्याच पत्र्याची उरलेली पट्टी टेकून उभी होती. कादरनं कापायच्या आधी सगळ्या पत्र्यावर रेघा आखून घेतल्या होत्या, त्यातल्या काही तिच्यावर तशाच होत्या. झुलाल तिच्यापुढे उकिडवा बसला. ओरखडे एकीकडे चालले होते, रेघा दुसरीकडे. एकमेकींना काटकोनात. म्हणजे पत्रा बरोबर होता, मशीन बरोबर होतं, दाणेही जगातल्या सगळ्या दाण्यांसारखे मुकाट्यानं जागेवर बसले होते. आडवी होती ती फक्त रेघ.

"क्या हुआ सर? पाणी आणू?"

"नको," झुलाल म्हणाला. "कूलर उद्या नेतो."

घरी आल्यावर त्यानं प्रमिलाला सांगितलं. सांगितल्याशिवाय त्याला राहवेना, आणि सांगायला दुसरं होतं कोण? तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "हे आणखी कुणाला माहितीय?"

"कुणाला नाही. कादरला कळलंही नाही आपण काय सांगितलं ते."

"तिकडं जर्मनीत कुणी ओळखेल?"

"इथं येऊन पत्रा बघितल्याशिवाय नाही. पुढं कधी तरी कुणाला तरी तसं सापडणार नाही, तेव्हा."

"मग गप्प बसा."

"अगं पण..."

"गप्प बसता येतं की तुम्हाला. मी पाहिलंय." तिचा आवाज चढला नव्हता. "एकदा जाऊन या. नाना थकलेत. त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा विमानात बसा, मग आल्यावर जगाला काय सांगायचं ते सांगा. माझं मागणं एवढंच आहे. आजवर दुसरं काही मागितलंय?"

मागितलं नव्हतं. झुलालनं ते मान्य केलं. दोन दिवस तो कॉलेजात गेला नाही. पडून राहिला आणि पंख्याकडे बघत राहिला. कंपनी पत्रा फिरवून घालणार, दारं फाटणार, हा विचार त्याच्या मनात आला हे खरं. पण परदेशी विद्वानांपुढे उभं राहून खोटी रेघ दाखवायची, या कल्पनेनं त्याला घाम फुटे, हेही खरं. पुढे कुणी त्याला प्रामाणिक म्हणालं असतं, तर त्यानं त्याच्याकडे बघितलं नसतं. प्रामाणिकपणा किती आणि भीती किती, ते त्याचं त्यालाही मोजता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी तो आग्रारोडच्या एसटीडी बूथवर गेला आणि मुंबईला फोन लावला. सगळं सांगितलं.

"पाटील," गाईडसाहेब म्हणाले, "हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही सर."

"मग?"

"आकडे काटकोनात फिरवून पाहिले सर. सगळं जुळतं. पुस्तकात आहे तेच येतं."

"म्हणजे आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही."

"नाही सर."

"बरं झालं सांगितलंत," गाईडसाहेब म्हणाले. बरं झाल्याचं त्यांच्या आवाजात काही दिसलं नाही. निबंध मागे घेतला गेला. कंपनीला दुरुस्तीचं कळवलं गेलं. तोवर तिचाही त्या पत्र्यातला रस आटला होता. गाईडसाहेब आपल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला घेऊन जर्मनीला जाऊन आले. झुलालला ते काही वाईट बोलले नाहीत. नुसतं पत्रांना उत्तर द्यायचं त्यांनी सोडून दिलं, आणि पीएच.डी. तिथंच राहिली.

बूथवरून घरी आला तेव्हा प्रमिला ओट्यावर तांदूळ निवडत होती. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"केला फोन?"

"केला."

सूप तिनं खाली ठेवलं. "पत्र्याच्या एका तुकड्यावर रेघ चुकली म्हणून तुमचं तोंड उघडलं," ती म्हणाली. "नानांच्या ओसरीवर मी दारात उभी होते. तेव्हा नाही उघडलं."

झुलाल उभाच होता. त्याला म्हणायचं होतं की तेव्हा उघडलं असतं तर तू मिळाली नसतीस. हे वाक्य त्यानं जन्मभर मनात तयार ठेवलं आणि कधी उच्चारलं नाही, कारण त्यावर ती काय म्हणेल ते त्याला माहीत होतं.

बोदवडला तो स्वतः गेला. म्हटलं, एकदाच सगळं सांगून टाकावं. नाना बाजेवर बसले होते. झुलालनं रेघेचं सांगितलं आणि त्या जोरावर पहिलंही सांगितलं. "नाना, तेव्हासुद्धा मी जर्मनीत शिकत नव्हतो. जर्मन म्हणजे भांड्याचं जर्मन."

त्या दिवशी नानांचा तो फलाटावरचा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. हळूच म्हणाले, "मला लग्नानंतर सहा महिन्यांत कळलं होतं, जावईबापू. पोरगी बोलली नाही, पण बापाला कळतं. मी गावाला सांगत राहिलो. म्हटलं, माणूस शिकलेला आहे, आज ना उद्या खरं करून दाखवील." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता हे तरी कशाला सांगायला आलात?"

गावाला वेगळंच कळलं. ताईबाईनं सांगितलं की जर्मन सरकारनं पासपोर्टात खोट काढली. कुणी म्हणालं, विमानाला घाबरला. खरी गोष्ट झुलालनं कॉलेजात दोघाचौघांना सांगून पाहिली, तर ते डोळे मिचकावून म्हणाले, "सर, कारण तर झकास शोधलंय!" पाच वर्षं जी थाप होती तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता; खरं बोलला त्यावर एकाचाही बसला नाही.

प्रमिलानं मात्र पुढच्या संक्रांतीला एक नवीन सुरुवात केली. हळदीकुंकवाला बायका जमल्या, कुणी तरी खोचकपणे विचारलं, "काय हो, जर्मनीचं काय झालं?" आणि ही सांगायला बसली. पहिल्यापासून. आबांचा 'मा', नानांचा आवाज, घोड्यावरचा लोकरी कोट, तिसरी जर्मनी, कादरची चुन्याची डबी. आवाज काढून, हातवारे करून, झुलालची गप्प बसलेली मुद्रा तर अशी करून दाखवली की एका बाईच्या हातातलं वाण सांडलं. बायका लोळून लोळून हसल्या. तेव्हापासून बारशाला, डोहाळजेवणाला, जिथं जाईल तिथं हीच फर्माईश. "प्रमिलाबाई, ते जर्मनचं सांगा ना!" आणि ती सांगे, दर वेळी थोडं जास्त रंगवून. गल्लीत सगळे म्हणत, बघा कसं मोकळं घर आहे, नवऱ्याची कशी गोड चेष्टा करते.

झुलाल आतल्या खोलीत पेपर तपासत बसलेला असे. बाहेर हसण्याच्या लाटा उठत. तो ऐके, आणि पुढे काय येणार ते त्याला पाठ झालेलं असे. मग बायका चपला घालून, निरोप घेऊन जात. दार लागे. प्रमिला आत येई, चेहऱ्यावरचं हसू काढून ठेवल्यासारखं नाहीसं झालेलं असे, आणि विचारी, "वाढू का?" तो म्हणे, "वाढ." दोघांमधलं त्या दिवसापुरतं बोलणं तेवढंच असे.